भाषा सांभाळा

चार्जिंगला लावलेला फोन पेटला. नवऱ्याने घाईघाईने बायकोचा फोन उचलला आणि आपल्या फोनच्या कंपनीच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, “माझा फोन पेटलाय, काय करू?”

“भाषा सांभाळा,” अ‍ॅडमिनने बजावलं. “आपले फोन पेटत नाहीत. फार तर उबदार होतात.”

“अहो, पडदा पेटला! लिहीत काय बसलाय?” बायको बादली भरून धावत आली.

“थांब गं, माफी मागतोय. ग्रुपमधून काढतील मला!”

तेवढ्यात एका सभासदाने विचारलं, “हे कुठल्या फोनवरून लिहिताय?”

“बायकोच्या. दुसऱ्या कंपनीचा आहे.”

“तरीच! आग वहिनींच्या फोननेच लावली असणार.”

नवऱ्याला एकदम पटलं. पेटत्या पडद्याकडे पाठ करून त्याने बायकोच्या हातातली बादली हिसकावली आणि सगळं पाणी तिच्या फोनवर ओतलं.