बाबांची खबरदारी

"आठ आठवडे झाले. थोडासुद्धा फरक नाही?" डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

मुलीने नकारार्थी मान हलवली. ती शिकवायची त्या शाळेतली तिची रजा सोमवारी संपत होती आणि आज तिला नुसतं आंघोळीला उठवायला वडिलांचा तास गेला होता.

"मग डोस वाढवू या."

"मुळीच नको!" वडील खुर्चीतून अर्धे उठले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सत्तरीतही हात कापत नाही. "मन खूश करणाऱ्या औषधाची चटक ही लागतेच. म्हणून मी आधीच खबरदारी घेतली आहे."

"कसली खबरदारी?"

ती त्यांनी कौतुकाने सांगितली. रोज सकाळी डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्याने कॅप्सूल उघडायची, आतली पावडर सांडायची आणि टोपण होतं तसं बसवायचं. आधी अर्धी पावडर ठेवली, मग पाव. "आता महिनाभर नुसतं टरफल देतोय. तिला पत्ता लागला नाही!"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. देव हातात कसब देतो आणि अक्कल द्यायची वेळ आली की नेमका दुसरीकडे बघतो.

"काका, इथे बसल्यापासून सिगारेट ओढायला तुम्ही कितीदा बाहेर गेलात?"

"तीनदा. त्याचं काय इथे?"

"चटक त्याला म्हणतात! सिगारेटची लागते, दारूची लागते, झोपेच्या गोळ्यांचीही लागते. या औषधाने नशा चढत नाही, की आणखी हवं म्हणून कुणी कासावीस होत नाही. फक्त ते आपल्या मनाने बंद करायचं नसतं. आणि तुम्ही तेवढंच केलंत!"

"सिगारेटचं वेगळं आहे," वडील म्हणाले. "ती माझ्या ताब्यात आहे."

आता या माणसापुढे कुठे डोकं फोडावं?

"म्हणजे महिनाभर माझ्या पोटात औषध गेलंच नाही?" मुलीने विचारलं. आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"पोरी, तुझ्या भल्यासाठीच केलं गं. उद्या सवय लागली असती तर?"

ती हळूच म्हणाली,

"बाबा, मला वाटलं, मी औषधानेही बरी न होणाऱ्यातली आहे. परवा मी गच्चीवर गेले, ती वाळलेले कपडे आणायला नव्हे."