नवीन मुलगी

"एकच जागा हवी आहे, ताई. नाही म्हणू नका," म्हातारे शिंपीकाका खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले.

शाळेचा हॉल शनिवारी छोट्या स्काउटांच्या ताब्यात असे. सात ते दहा वर्षांची वीसेक मुलं, दोऱ्या, शिट्ट्या आणि कान किटतील एवढा गलका. गट चालवणाऱ्या ताई दाराजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. काकांच्या मागे त्यांची नात उभी होती, आजोबांच्या पिशवीचा बंद धरून.

ताईंनी कोरा फॉर्म ओढला, नाव लिहिलं आणि विचारलं, "वय?"

"सात पूर्ण. उंचीवर जाऊ नका, आमच्याकडे सगळेच ताडमाड."

ताईंनी मान वर न करता सात लिहिलं. नात आणखी थोडी वाकून उभी राहिली.

काकांचा जीव टांगणीला लागला होता. घरात आई-बाप दोघं दिवसभर कामावर. पोरगी शाळेतून आली की शिवणयंत्राशेजारी बसकण मारायची, ती दिवेलागणीपर्यंत.

"माझ्याशी बोलून बोलून म्हातारी झालीय ही," काका म्हणाले. "परवा मला म्हणते, आमच्या वेळी असं नव्हतं!"

ताई हसल्या. काका हसले नाहीत.

"मला मरणाची भीती नाही हो. मी गेल्यावर ही कोणाशी बोलणार, याची वाटते. हिला चार सवंगडी मिळाले की मी मोकळा."

ताईंनी फॉर्मवर सही केली. "जागा आहे, काका," त्या म्हणाल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच पिशवीतून कागदात गुंडाळलेला निळा शर्ट काढला. "मिळेल की नाही ठाऊक नव्हतं, तरी शिवून ठेवला. स्काउटच्या आजोबाने तयारीत नको का असायला?"

नातीने शर्ट चढवला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या, आणि वरचं बटण काही केल्या लागेना.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी बाही ओढून पाहिली, खांद्यावर बोटाने माप घेतलं, पुन्हा घेतलं. "पन्नास वर्षं कात्री चालवली. परक्यांची मापं कधी चुकली नाहीत, आणि घरच्या पोरीचं चुकावं?"

"कापड आटलं असेल," ताई म्हणाल्या.

"अहो, अजून पाण्यात कुठे घातलंय?"

नातच म्हणाली, "मला असाच आवडतो, आजोबा. गाठी मारताना बाह्या मध्ये येत नाहीत."

तेवढ्याने काका खूश झाले. म्हाताऱ्यांना नातवंडांकडून समजूत काढून घ्यायला आवडतंच.

ताईंनी शिट्टी वाजवली. मुलं धावत येऊन गोलात उभी राहिली. "आज आपल्याकडे नवीन मुलगी आली आहे," ताईंनी सांगितलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बारक्याला हसू फुटलं, तर शेजारणीने त्याला कोपराने ढोसलं. मग प्रत्येकाने आपलं नाव सांगून नवीन मुलीशी हात मिळवला. स्काउट डावा हात मिळवतात. कोणी न सांगता तिने डावाच पुढे केला.

"बघा, सांगावं लागत नाही हिला!" काका म्हणाले.

दोरीची गाठ मात्र तिची आधी चुकली, मग जमली. शेवटी तिने तीन बोटं वर करून वचन म्हटलं आणि ताईंनी तिच्या गळ्यात स्कार्फ बांधला. काका रडले. डोळ्यांत काही गेलंय वगैरे बहाणा त्यांनी केला नाही. प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "हिला सांभाळून घ्या रे," आणि मुलं एका सुरात "हो, आजोबा" म्हणाली.

मग ते चपला घालायला बाहेर गेले. पायरीवर बसलेल्या शिपायालाही त्यांनी नात स्काउट झाल्याचं सांगितलं.

आत नातीने शर्ट उतरवला. इस्त्रीच्या घडीवर घडी बसवत तो कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मग ती टेबलाशी आली.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी अकरा वर्षांची होते. मला मोठ्यांच्या गटात जावं लागेल. मग दर शनिवारी आजोबा मला कुठे भरती करणार?"