बंदुकीवरची शेवंती

शेवटची पाकळी काही केल्या जाईना. ऑर्विल लॅटिमरने बंदूक शिकंज्यात जरा तिरकी बसवली आणि पुन्हा कानस फिरवली. ऐंशी वर्षांचे हात, चार वेळा घासलं की दम लागत होता. अखेर नळीच्या मुळाशी कोरलेलं ते नखाएवढं शेवंतीचं फूल पार गेलं. खालचं पोलाद लख्ख चकाकायला लागलं, म्हणून त्याने त्यावर बुटाचं काळं पॉलिश चोळलं.

शेवंती ही जपानच्या बादशहाची खूण. त्याच्या सैनिकांच्या बंदुकांवर ती ठोकलेली असायची. जपान शरण आला तेव्हा बंदुका हवाली करण्याआधी ही फुलं घासून टाकली गेली. बंदूक गेली तरी बादशहाची अब्रू जाऊ नये म्हणून. त्यामुळे जुन्या बंदुका जमवणारे आधी फूल बघतात. फूल नसेल तर ती ढिगातली, फुकट वाटलेली. फूल शाबूत असेल तर ती रणांगणावर कुणाच्या तरी मेलेल्या हातातून सुटलेली. तिला भाव चढा.

ऑर्विलची बंदूक रणांगणावरची होती. ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत विसाव्या वर्षी आपण एकट्याने तीन जपानी कसे लोळवले, हे तो दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापता कापता सांगायचा. दर वर्षी गोष्टीला थोडं तिखटमीठ लागायचं. बंदूक मात्र शेकोटीच्या वर उंच टांगलेली. तिला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. गुहेत एकच जण होता, पंधरा-सोळा वर्षांचा, आणि तो हात वर करून पाणी मागत होता, हे ऑर्विलने कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आता नात निघाली होती. आईबापांमागे त्यानेच वाढवलेली पोर, केंड्रा. सोमवारी ती मरीन दलात भरती व्हायला सही करणार होती, आणि तिकडे इराकमधून शवपेट्या येत होत्या. गेल्या महिन्यात एक याच गावात आली. त्याने समजावलं, आरडाओरडा केला, रडलासुद्धा. तिचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही गेला होतात ना?" ती गोष्ट खोटी होती असं त्याने नुसतं म्हटलं असतं, तर तिने मुळीच मानलं नसतं. अडवायला आजोबा काहीही बोलतील, म्हणाली असती. तिऱ्हाईत माणूस हवा होता, आणि जाणकार हवा होता. म्हणून त्याने बंदूक विकायला काढली आणि शनिवारी दुपारी ग्लेन श्रॉकला बोलावलं. जुन्या बंदुकांच्या बाबतीत आख्ख्या ओहायोत श्रॉकचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खुनी ठरण्यापेक्षा खोटारडा ठरणं सोपं, असा विचार म्हाताऱ्याने केला होता.

"मला हे विकणं मुळीच पटलेलं नाही," श्रॉकपुढे कॉफी ठेवत केंड्रा म्हणाली. "निदान ही कुठून आलीय ते तरी ऐका." आणि तिने गुहेची गोष्ट सांगितली, आजोबांहूनही रंगवून. तिनाचे पाच झाले. "आता हातात काठी आहे म्हणून साधे समजू नका हं आमच्या आजोबांना!"

श्रॉक हसला. त्याने बंदूक उचलली, रिकामी असल्याची खात्री केली आणि सवयीने अंगठा फुलाच्या जागी नेला. अंगठा काळा झाला. पॉलिशखालून ताजं पोलाद चमकलं.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं टिकलेली खूण कुणीतरी आजच्या आज खरवडून काढली होती. असलं पाप त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"अहो, कोणत्या गाढवाने—" म्हणत त्याने मान वर केली. समोर म्हातारा टेबलाची कड धरून त्याच्याकडे एकटक बघत होता. मागे उभ्या पोरीच्या अंगात मरीनचा टी-शर्ट होता, फ्रिजवर भरतीची पत्रकं चिकटवलेली होती. श्रॉकलाही मुलं होती. त्याने काळा अंगठा हळूच मुठीत घेतला.

"कोणत्या गाढवाने काय?" केंड्राने विचारलं.

"कोणत्या गाढवाने तुला ही रणांगणावरची म्हणून सांगितलं? इथलं फूल घासलंय, दिसतंय? ढिगातली आहे ही. लढाई संपल्यावर रांगेत उभं राहिलं की ज्याला त्याला एकेक मिळायची. आठवण म्हणून."

केंड्रा आजोबांकडे वळली. "आणि ती गुहा?"

"गुहा-बिहा काही नव्हती गं," ऑर्विल म्हणाला. "मी भटारखान्यात होतो. बटाटे सोलत होतो. एक गोळी झाडली नाही मी."

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली, आणि त्या नजरेत तो आयुष्यात पहिल्यांदा लहान झाला. त्याला फार लागलं. पण पोर वाचली, असं मनाशी म्हणत त्याने ते गिळलं. केंड्राने दारामागच्या खिळ्यावरची पिकअपची किल्ली काढली.

"कुठे निघालीस?"

"भरतीच्या ऑफिसात. शनिवारी संध्याकाळपर्यंत उघडं असतं."

"अगं, पण ऐकलंस ना आत्ता? सगळं खोटं होतं ते! मी कुठेच लढलो नाही!"

"ऐकलं, आजोबा," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या घरातून अजून कुणीच गेलेलं नाही."