घरचा पेशंट

महिनाभर ताप हटेना, तेव्हा बायकोला इस्पितळात ठेवावं लागलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "झडपेला जंतुसंसर्ग झालाय. असले जंतू पुष्कळदा तोंडातून रक्तात शिरतात. दात-हिरड्यांचं काही दुखणं?"

"छे हो! नवराच दातांचा डॉक्टर आहे माझा," ती म्हणाली. नवऱ्याची मान जरा ताठ झाली. अर्ध्या गावाची बत्तिशी त्याच्या हाताखालून गेलेली!

डॉक्टर गेले. तिने सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि डाव्या बाजूनेच चावत राहिली. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"आ कर बघू."

मोबाईलच्या उजेडात दिसली ती पोखरलेली उजवी दाढ, आणि भोवती पुवाने टम्म फुगलेली हिरडी.

"अगं, कधीपासून हे?"

"झालं असेल वर्ष. तुम्ही घरात शिरता तेच म्हणत, 'आता कुणाचा दात नजरेसमोर नको.' म्हटलं, आधीच दमून येता, त्यात माझी कुठे भर!"

नर्सला सांगून त्याने डॉक्टरांना परत बोलावणं धाडलं. मग खुर्ची तिच्या उशाशी ओढली, चष्मा पुसला, आणि रोज परक्या माणसांना विचारायचा तशाच मऊ आवाजात विचारलं, "बोला बाई, काय काय दुखतंय? सावकाश सांगा, मला घाई नाही."

ती खुदकन हसली. आणि मग तिने दाढेपासून सुरुवात केली.