क्लिप की चुंबक

"हा क्लिपचा," म्हणत कान बनवणाऱ्या बाईंनी सिलिकॉनचा कान नमुन्याच्या डोक्यावर दाबला. टक् असा आवाज झाला. "आणि हा चुंबकाचा." दुसरा कान नुसता जवळ नेताच चिकटला.

समोरच्या क्रेनवाल्याने दोन्ही पाहिले. अपघातात त्याचा उजवा कान गेला होता. जखम कधीच भरली होती, हाडात स्क्रूही बसले होते. तरी तो कामावर जात नव्हता. एक तारखेला आला नाहीस तर दुसरा माणूस घेतो, असं मुकादमाने कालच बजावलं होतं.

"तुम्ही क्लिपच घ्या," बाई म्हणाल्या. "स्क्रूंवरच्या दांडीला गच्च धरते. हेल्मेट घाला-काढा, घाम येऊ दे, जागचा हलायचा नाही. चुंबकाचा मात्र जरा ओढला की हातात."

"निघताना आवाज?"

"क्लिपचा होतो. चुंबकाचा नाही."

"मग चुंबकाचा."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लाज वाटते म्हणूनच घरी बसलात ना? उद्या चारचौघांत गळून पडला म्हणजे?"

त्याला लाज वाटत नव्हती. खरं तर कित्येक महिन्यांत त्याला काहीच वाटलं नव्हतं.

रंग जुळवायला बाई त्याच्या डाव्या कानाशी वाकल्या. पाळी लालभडक होती, कातडी घासून निघालेली. मानही डावीकडे कलली होती.

"एकाच कुशीवर झोपता वाटतं. नवी पाळी नीटस करू ना?"

"नको. हिच्यासारखीच करा. मऊ."

कान तयार झाला त्या दिवशी बाईंनी आरसा पुढे केला. त्याने तो पाहिलाही नाही.

"अंगाची ऊब धरतो का हा?"

"हातात धरलात तर धरतो की!"

भलतीच वल्ली दिसतेय, असं म्हणत बाईंनी आरसा ठेवून दिला. जिना चढताना त्याने कान तळहातात घट्ट धरला होता. वर पोचल्यावर लावला.

त्याच इस्पितळात दोन मजले वर त्याची लेक त्याच अपघातापासून डोळे मिटून पडली होती. तान्ही असल्यापासून ती बापाचा कान धरल्याशिवाय झोपत नसे. आताही त्याचा श्वास गालाला लागला, की कानावर तिची बोटं मिटत. मग तो उठू लागला, की ती कण्हत राही. आत्याने आपला कान देऊन पाहिला होता. तो काही तिला पटला नव्हता. आज बाप पहिल्यांदाच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला, वाकला आणि नवी पाळी तिच्या हातात दिली. बोटांनी ती चाचपली, जरा थांबली आणि मिटली. बऱ्याच वेळाने त्याने डोकं हळूच मागे घेतलं. आवाज झाला नाही. लेक कण्हली नाही. कान तिच्या मुठीत ठेवून तो कामावर गेला.