रिमोटवरची गाडी

“साहेब, न्यूट्रलचा सेन्सर लावून घ्या,” मेकॅनिक म्हणाला. “रिमोटनं गाडी क्लच न दाबताच चालू होणार. चुकून गियरमध्ये राहिली, तर बटण दाबताच पुढं झेप घेईल.”

“उगाच बाऊ नको करूस. मी कायम न्यूट्रलमध्येच लावतो. आणि माझ्याशिवाय त्या गाडीला हात लावतो कोण?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन सोफ्यावर ऐसपैस बसला.

“आता गंमत बघ,” असं बायकोला म्हणत त्यानं रिमोटचं बटण दाबलं. “बाबा कुठायत? त्यांनाही दाखवू या.”

“ते खाली गाडीपुढे बसून नंबरप्लेट पुसतायत. मघाशी त्यांनीच गाडी सावलीत घेतली. उतारावर घरंगळू नये म्हणून आठवणीनं गियरमध्ये टाकलीय म्हणाले.”