सरोवरापर्यंतची रेघ

इटलीतल्या आल्प्समधल्या एका दरीचा नकाशा अनघाने सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये, भिंतीवर लावला होता. सुट्टीत तिथल्या सरोवरापर्यंत ती पायी चढणार होती. बाबाही पायीच येणार म्हणाले, पण त्यांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून तिने केबल कारचं तिकीट काढलं. त्यानंतर नकाशावर सरोवराच्या वाटेने पेन्सिलची रेघ रोज थोडी वाढू लागली. शनिवारी बाबा फिरायला निघाले, तशी ती कुतूहलाने मागे गेली. बागेकडे न जाता ते इमारतीचा जिना चढू लागले. अकराव्या मजल्यावर अनघाच धापा टाकत बसली. वरून बाबा डोकावले. “रोज चढतो, लिफ्टने उतरतो. जेवढे मजले, तेवढी रेघ. आज सरोवर गाठतोय.” “बरं बाबा, हरले. तुमचं तिकीट रद्द करते.” “रद्द कशाला?” पुढची पायरी चढत बाबा म्हणाले, “तुझ्या नावावर करून घे.”